जमाखर्च आणि कथा : रवींद्रनाथांच्या जमीनदारीतील ग्रामसंघटनेचे प्रयोग

भारतीय साहित्याच्या तौलनिक अभ्यासात रवींद्रनाथ ठाकूर यांचे नाव येते ते कवी, कथाकार आणि शिक्षणचिंतक म्हणून. त्यांच्या जमीनदारीचा उल्लेख झालाच तर तो पद्मेच्या पात्रातील बजरा, नदीकाठची गावे आणि ‘छिन्नपत्र’मधील निसर्गचित्रे यांची पार्श्वभूमी म्हणून होतो. वस्तुतः जवळजवळ अर्धे शतक रवींद्रनाथांचा या ना त्या नात्याने शेतजमिनीच्या व्यवस्थापनाशी संबंध होता. खंडाची वसुली, सूट, कर्ज, पीक, बांधबंदिस्ती, शाळा, दवाखाना आणि कुळांमधील तंटे हे त्यांच्या नित्याच्या कामकाजाचे विषय होते. ज्या कचेरीत हा जमाखर्च लिहिला जात होता, त्याच कचेरीच्या परिसरात ‘गल्पगुच्छ’मधील कित्येक कथा जन्मास आल्या. या दोन प्रकारच्या लेखनांचे परस्परांशी काय नाते आहे आणि त्यांतून ग्रामीण मालमत्तेच्या व्यवस्थापनाचा कोणता इतिहास हाती लागतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विचाराला मराठी वाचकाच्या दृष्टीने एक विशेष प्रयोजन आहे. दख्खनमधील रयतवारी, कोकणातील खोती आणि बंगालमधील कायमधारा या तीन भिन्न पद्धती होत. तथापि जमीन कसणारा आणि जमिनीवर हक्क सांगणारा यांच्यातील अंतराचा प्रश्न तिन्हींत समान आहे. या अंतरावर सेतू बांधण्याचे काम मालकाच्या सद्भावनेने होते, की कसणाऱ्याच्या हक्काने, हा खरा वादाचा मुद्दा आहे.

वारसा : सत्ता आणि असंतोष

ठाकूर घराण्याच्या संपत्तीचा विस्तार द्वारकानाथांच्या (१७९४-१८४६) काळात झाला. १७९३च्या कायमधाऱ्याने सरकारला द्यावयाची रक्कम कायम ठरवून दिली; मात्र जमीनदाराने रयतेकडून काय घ्यावे यावर तेवढे परिणामकारक बंधन घातले नाही. त्यामुळे कलकत्त्यातील व्यापारी भांडवल ग्रामीण जमिनीकडे वळले. द्वारकानाथांनी नीळ, रेशीम, जहाजवाहतूक, कोळसा आणि बँकव्यवसाय यांबरोबर जमीनदाऱ्याही जोडल्या. त्यांच्या मृत्यूनंतर कार, टागोर आणि कंपनी बुडाली. तत्पूर्वी १८४०मध्ये केलेल्या विश्वस्तपत्रामुळे काही जमीनदाऱ्या धनकोंच्या हातून वाचल्या. नदिया जिल्ह्यातील बिराहिमपूर (कचेरी शिलाइदह), पाबना जिल्ह्यातील शाहजादपूर, राजशाही जिल्ह्यातील कालिग्राम (कचेरी पतिसर) आणि ओरिसातील काही भाग ही पुढील पिढ्यांच्या उत्पन्नाची मुख्य साधने ठरली. एका अर्थाने व्यापारातील साहसाची अखेर जमिनीच्या स्थिर उत्पन्नात झाली.

हे उत्पन्न स्थिर होते, पण निर्वेध नव्हते. १८७३मध्ये पाबना जिल्ह्यातील युसुफशाही परगण्यात रयतांनी खंडवाढ आणि बेकायदा पट्ट्या यांच्या विरोधात संघटना उभारली. ज्या जमीनदारांच्या कुळांनी या चळवळीत भाग घेतला त्यांत ठाकूर घराणेही होते. शिलाइदहनजीकच्या कुमारखाली गावाहून हरिनाथ मजुमदार ‘ग्रामवार्ता प्रकाशिका’ हे पत्र चालवीत आणि जमीनदारांच्या जुलमाविरुद्ध लिहीत असत. त्यांच्या टीकेतून शेजारचे प्रतिष्ठित ठाकूर घराणेही सुटले नाही. १८७५मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या दप्तरांची होळी केली, त्याआधी दोनच वर्षे हे घडले. दख्खनमध्ये रोष सावकाराच्या कर्जरोख्यावर होता, पाबन्यात तो जमीनदाराच्या खंडपट्ट्यावर होता. दोन्ही ठिकाणी संघर्षाच्या केंद्रस्थानी कागद होता, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाने विसरू नये.

रवींद्रनाथ १८९०च्या सुमारास या वारशाचे व्यवस्थापक झाले. महर्षी देवेंद्रनाथ हिशेबाच्या बाबतीत अत्यंत दक्ष होते. तेव्हा कवीचे हे पद मानाचे नव्हते, जबाबदारीचे होते.

कचेरीतून दिसणारी कथा

‘पोस्टमास्टर’ (१८९१), ‘शास्ति’ (१८९३), ‘समस्यापूरण’ (१८९३) या कथा आणि ‘दुइ बिघा जमि’ (१८९५) ही कविता या कालखंडातील आहेत. यांपैकी ‘शास्ति’चे उदाहरण पाहावे. दुखिराम आणि छिदाम हे दोघे भाऊ मजुरीवर जगणारे. भर पावसाळ्यात जमीनदाराचे लोक त्यांना पकडून कचेरीचे गळके छप्पर शाकारण्यास नेतात. दिवसभर उपाशीपोटी राबूनही योग्य मजुरी मिळत नाही, उलट बोलणी खावी लागतात. संध्याकाळी घरी परतलेला भुकेला दुखिराम रागाच्या भरात पत्नीचा जीव घेतो आणि छिदाम त्या गुन्ह्याचा आळ स्वतःच्या पत्नीवर, चंदरावर, घालतो. समीक्षकांनी या कथेचा विचार प्रामुख्याने चंदराच्या मौन मानीपणाच्या अंगाने केला आहे आणि तो योग्यच आहे. परंतु कथेतील कार्यकारणाची साखळी मागे नेली, तर तिचे पहिले टोक कचेरीच्या छपराशी येऊन थांबते. न्यायालयात या छपराचा प्रश्न कोणी विचारीत नाही. जमीनदाराच्या हिशेबवहीत त्या दिवसाची नोंद झालीच असेल तर ‘छप्पर दुरुस्ती’ एवढीच झाली असेल. त्या नोंदीत जे मावत नाही ते कथेने सांगितले आहे.

‘समस्यापूरण’मध्ये हा प्रश्न अधिक उघड होतो. कृष्णगोपाल हे जुन्या वळणाचे जमीनदार काशीवासाला जातात आणि सुशिक्षित पुत्र बिपिनबिहारी कारभार हाती घेतो. पित्याने दिलेल्या सवलती आणि बिनखंडाच्या जमिनी त्याला हिशेबातील गळती वाटतात. तो त्या परत घेऊ लागतो आणि एका मुसलमान कुळाशी त्याचा कज्जा जुंपतो. शेवटी ते कूळ त्याच्याच पित्याचा पुत्र असल्याचे उघड होते. आधुनिक शिस्तीचा कारभार हा आपोआप न्याय्य असतो, या समजुतीला ही कथा धक्का देते. त्याचबरोबर जुन्या औदार्याच्या मुळाशी काय दडलेले असते तेही ती दाखविते. नवा हिशेब निर्दय आहे आणि जुनी दया अपारदर्शक आहे. या दोहोंपलीकडे तिसरी वाट कोणती, याचे उत्तर कथेत नाही. त्याचा शोध रवींद्रनाथांनी पुढे कारभारात घेतला, असे म्हणता येईल.

येथे महात्मा फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथाची आठवण होणे स्वाभाविक आहे. फुले यांनीही कुलकर्ण्याचे दप्तर, सरकारी कचेरी आणि कोर्ट यांच्या कागदी साखळीत अडकलेला शेतकरी उभा केला. मात्र फुले यांची दृष्टी शेताच्या बाजूने कचेरीकडे जाते, तर रवींद्रनाथांची कचेरीच्या खिडकीतून शेताकडे. या दिशाभेदामुळेच फुले यांच्या लेखनात आरोप आहे आणि रवींद्रनाथांच्या लेखनात अस्वस्थता.

पतिसरचा प्रयोग

‘स्वदेशी समाज’ (१९०४) या निबंधात आणि १९०८च्या पाबना प्रांतिक परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात रवींद्रनाथांनी गावांनी आपली कामे आपणच उभी करावीत, असा आग्रह धरला. त्याचे प्रत्यक्ष रूप कालिग्राम परगण्यात दिसते. परगण्याचे पतिसर, कामता आणि रातोयाल असे तीन विभाग करण्यात आले. गावागावांतून प्रधान निवडले जात, त्यांची विभागीय सभा असे आणि सर्वांवर एक मध्यवर्ती हितैषी सभा असे. तीत जमीनदाराचा प्रतिनिधीही बसे. शाळा, दवाखाना, रस्ते, विहिरी आणि आपसातील तंट्यांचा निवाडा ही सभेची कामे होती.

या व्यवस्थेच्या अर्थकारणाविषयी एक तटस्थ साक्ष उपलब्ध आहे. ओमॅली यांनी १९१६मध्ये प्रसिद्ध केलेल्या राजशाही जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये या जमीनदारीची स्वतंत्र दखल घेतली आहे. बंगाली सन १३१२मध्ये, म्हणजे १९०५-०६च्या सुमारास, ५७,५९५ रुपयांची सूट दिल्याची नोंद तेथे आढळते. विभागवार प्राथमिक शाळा, पतिसर येथे २५० विद्यार्थ्यांची इंग्रजी शाळा आणि धर्मार्थ दवाखाना यांसाठी एक निधी होता. त्यात जमीनदारीकडून वर्षाला १,२५० रुपये आणि रयतेकडून खंडाच्या दर रुपयामागे ६ पै जमा होत. रुपयाच्या १९२ पै होतात हे लक्षात घेता हे प्रमाण शेकडा तीनहून किंचित अधिक भरते. पट्टी घेण्याची प्रथा जमीनदारीत जुनीच होती. तिचा विनियोग ठरविण्यात पट्टी देणाऱ्यांनाही स्थान मिळाले, हे येथे नवीन होते. बंगालमधील ‘आबवाब’ म्हणजे बेकायदा पट्ट्यांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या फरकाचे मोल कळेल.

दुसरे अंग कर्जाचे. १९०५मध्ये पतिसर येथे कृषी बँक सुरू झाली. कलकत्त्यातील स्नेह्यांकडून शेकडा ७ टक्के व्याजाने ठेवी घ्याव्यात आणि रयतेला १२ टक्क्यांनी कर्ज द्यावे, अशी तिची रीत होती. सावकारी दराच्या तुलनेत हा दर पुष्कळच हलका होता. नोबेल पारितोषिकाच्या रकमेतील सुमारे १ लाख ८ हजार रुपये रवींद्रनाथांनी याच बँकेत शांतिनिकेतनच्या विद्यालयाच्या नावे ठेवले. हेतू दुहेरी होता : रयतेला भांडवल मिळावे आणि विद्यालयाला व्याज मिळावे. परंतु याचा अर्थ असाही होतो की, विद्यालयाच्या खर्चाचा काही भार कालिग्रामच्या शेतकऱ्याच्या व्याजातून उचलला जात होता. पुढे १९३०नंतरच्या मंदीत आणि ग्रामीण कर्जनिवारणाच्या कायद्यांनंतर थकलेली कर्जे वसूल होणे दुरापास्त झाले आणि ही रक्कम परत आली नाही. ‘गीतांजली’च्या इंग्रजी अवताराला मिळालेला जागतिक सन्मान असा वरेंद्रभूमीच्या शेतात विरून गेला. हे अपयश मानावे की परतफेड, याचा निर्णय वाचकाने करावा.

तिसरे अंग पिकांच्या आणि उद्योगांच्या विविधतेचे. पतिसरचा परिसर चलन बिलाच्या सखल पाणथळ प्रदेशातील. पाणी ओसरल्यावर मुख्यतः भाताचे एकच पीक हाती येई आणि ते बुडाले की वर्ष बुडे. रवींद्रनाथांच्या पत्रांत बांधावर आणि घराभोवती अननस, केळी, खजूर लावण्याच्या, अननसाच्या पानांपासून धागा काढण्याच्या सूचना सापडतात. मातीची भांडी, छत्र्या, विणकाम असे जोडधंदे गावात रुजतील काय, याची चौकशीही ते करतात. एका मुसलमान विणकराला शिकण्यासाठी श्रीरामपूरला पाठविण्यात आले होते. पुत्र रथींद्रनाथ आणि संतोषचंद्र मजुमदार यांना १९०६मध्ये शेतीशास्त्राच्या शिक्षणासाठी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात पाठविले, तेही याच विचारातून. रथींद्रनाथ १९०९मध्ये परतले आणि शिलाइदहला मक्याचे बियाणे, नवी अवजारे आणि माती तपासण्याची छोटी प्रयोगशाळा यांसह शेतीचा आरंभ झाला.

हे सारे प्रयोग यशस्वी झाले असे नाही. शिलाइदहच्या परिसरात बटाट्याचे आणि रेशमाचे प्रयोग फसले होते. १८९५मध्ये कुष्टिया येथे सुरू केलेला तागाचा आणि उसाच्या चरकांचा व्यवसाय कर्ज ठेवून बंद पडला. विविधीकरण ही केवळ नव्या वस्तूची आवड नव्हे. बाजार, कौशल्य आणि तोटा सोसण्याची ऐपत यांचा मेळ बसला तरच ते टिकते. तोटा सोसण्याची ऐपत रयतेकडे नव्हती. म्हणून प्रयोग करावयाचा तो मालकाने आणि लाभ सिद्ध झाल्यावर तो रयतेने स्वीकारावा, असा क्रम पडला. या क्रमात पुढाकार नेहमीच वरच्या बाजूस राहतो, ही त्याची मर्यादा होय.

हक्काचा प्रश्न

या मर्यादेची उघड चर्चा १९२६मध्ये झाली. प्रमथ चौधुरी यांनी ‘रायतेर कथा’मध्ये कुळांच्या जमिनीवरील हक्काचा पक्ष मांडला. त्या निमित्ताने रवींद्रनाथांनी आपली भूमिका स्पष्ट केली. जमिनीच्या मालकीचा धंदा आपल्याला जन्माने लाभला असला तरी स्वभावाने आपण आकाशाचे रहिवासी आहोत, अशा आशयाचा विनोद करीत त्यांनी जमीनदार या संस्थेविषयी नावड व्यक्त केली. तथापि कुळाला जमीन विकण्याचा मुक्त अधिकार दिल्यास ती जमीन सावकाराच्या घशात जाईल, अशी भीतीही त्यांनी मांडली.

ही भीती काल्पनिक नव्हती. रयतवारीच्या दख्खनमध्ये जमीन गहाण टाकण्याचा व विकण्याचा अधिकार शेतकऱ्याला होता. त्याचीच परिणती १८७५च्या दंग्यांत आणि पुढे १८७९च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यात झाली. रवींद्रनाथांचे ज्येष्ठ बंधू सत्येंद्रनाथ हे मुंबई इलाख्यात न्यायाधीश होते आणि सातारा येथून १८९७मध्ये निवृत्त झाले, हेही येथे नमूद करण्याजोगे आहे. तरीही युक्तिवादातील अडचण उरतेच. दुबळ्याच्या हाती हक्क टिकणार नाही म्हणून तो द्यावयाचा नाही, असे म्हटले तर दुबळेपणाचा अंत कधी व्हावा? बंगालमध्ये १९२८च्या दुरुस्तीने कुळाला, जमीनदाराची सलामी भरून का होईना, हस्तांतराचा अधिकार मिळाला आणि १९३८मध्ये ती सलामीही गेली.

१९३७ हे वर्ष या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. जुलै १९३७मध्ये वृद्ध रवींद्रनाथांनी पतिसरला अखेरची भेट दिली. त्याच वर्षी मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. एकीकडे स्नेहाचा निरोप, दुसरीकडे हक्काची मागणी. पतिसरच्या निरोपातील भाव खोटा होता असे समजण्याचे कारण नाही. पण कायद्याला भावाची नव्हे, तर संबंधाची चिकित्सा करावयाची असते. सज्जन खोत असू शकतो. म्हणून खोती सज्जन ठरत नाही.

मराठी प्रदेशातच आणखी एक उदाहरण आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्याने १९३९मध्ये ग्रामपंचायतींवर आधारलेली राज्यघटना अंमलात आणली. राजाने सत्ता लेखी स्वरूपात सोडून दिल्याचे हे विरळा उदाहरण होय. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ (१९५५) या कादंबरीची भूमी याच संस्थानातील आहे. तेथे तरुण मास्तर आणि धनगर मिळून गावाची तालीम उभारतात. पण पुढे दुष्काळ गाव रिकामे करतो. सामुदायिक उभारणीचा उत्साह आणि निसर्गापुढील तिची हतबलता यांचे इतके संयत चित्रण अन्यत्र क्वचितच आढळेल. पतिसरच्या कागदपत्रांशेजारी ही कादंबरी ठेवून वाचली पाहिजे.

श्रीनिकेतन आणि डार्टिंग्टन

१९२०-२१च्या सुमारास कौटुंबिक वाटणीत शिलाइदह पुतणे सुरेंद्रनाथ यांच्याकडे गेले आणि रवींद्रनाथांकडे कालिग्राम उरले. प्रयोगाचे केंद्र वीरभूम जिल्ह्यातील सुरूल येथे सरकले. तेथील कोठी १९१२मध्येच विकत घेतलेली होती. कॉर्नेल येथे शेतीशास्त्र शिकलेले इंग्रज तरुण लिओनार्ड एल्महर्स्ट यांच्या नेतृत्वाखाली ६ फेब्रुवारी १९२२ रोजी ग्रामपुनर्रचना संस्थेचा आरंभ झाला आणि पुढे ती श्रीनिकेतन या नावाने ओळखली गेली. आर्थिक आधार डोरोथी स्ट्रेट या अमेरिकन विदुषीचा होता. शेती, दुग्धव्यवसाय, विणकाम, चर्मकला, लाखकाम, सहकारी आरोग्य समित्या, व्रती बालकांची पथके, १९२४पासून शिक्षासत्र आणि १९२८पासून हलकर्षण व वृक्षारोपण हे उत्सव अशी कामाची व्याप्ती वाढत गेली. येथे विविधीकरण केवळ पिकांचे न राहता कौशल्यांचे आणि सामुदायिक जीवनाचेही झाले.

एल्महर्स्ट आणि डोरोथी यांचा १९२५मध्ये विवाह झाला आणि त्याच वर्षी त्यांनी इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात डार्टिंग्टन हॉल ही मध्ययुगीन वास्तू सुमारे ८०० एकर जमिनीसह घेतली. शेती, वनीकरण, लाकूडगिरणी, कापडगिरणी, बांधकाम, शाळा आणि कला यांची तेथे जोड घालण्यात आली. रवींद्रनाथांनी १९२६ व १९३०मध्ये तेथे भेट दिली. वसाहतीतील एका परगण्यात सुरू झालेला विचार सत्ताधारी देशाच्या ग्रामीण भागात जाऊन रुजतो, ही प्रभावाच्या रूढ दिशेला छेद देणारी घटना आहे. प्रभाव-अभ्यासात ग्रंथांचा प्रवास आपण नेहमी तपासतो. संस्थांचा प्रवासही तितकाच तपासण्याजोगा आहे.

तीन प्रयोगांची तुलना केल्यास एक सूत्र हाती येते. पतिसरमध्ये निधीचा मोठा भाग रयतेचा होता; म्हणून जमीनदारीच्या विषम चौकटीतही रयतेला हिशेब विचारण्याचे कारण होते. श्रीनिकेतनमध्ये जमीनदार आणि कूळ हे नाते नव्हते, पण निधी दूरच्या दात्यांचा होता. म्हणून भोवतालची गावे बऱ्याच अंशी लाभार्थी राहिली. डार्टिंग्टनमध्ये जमीनही मालकांची आणि भांडवलही त्यांचेच. तेथे शेजारच्या लोकांच्या मनातील परकेपणा दीर्घकाळ टिकला. गावाचा सहभाग हा हेतूवर जितका अवलंबून असतो, त्याहून अधिक पैसा कोणाचा आणि हिशेब कोणापुढे मांडावयाचा यावर अवलंबून असतो.

१९५०च्या पूर्व बंगालच्या कायद्याने आणि १९५३च्या पश्चिम बंगालच्या कायद्याने जमीनदारी संपली. १९५१मध्ये विश्वभारती केंद्रीय विद्यापीठ झाले. शिलाइदह, शाहजादपूर आणि पतिसर आज बांगलादेशात आहेत आणि तेथील वास्तू स्मारके म्हणून जतन केल्या जातात. स्मारकांत बहुधा कवीचे मेज आणि बजरा यांना मान मिळतो. हितैषी सभेत बसलेल्या प्रधानांची नावे सामान्य वाचकाला ठाऊक नसतात. म्हणून ‘गल्पगुच्छ’ आणि गॅझेटिअर, ‘शेतकऱ्याचा असूड’ आणि कर्जरोखा, ‘बनगरवाडी’ आणि औंधची राज्यघटना ही परस्परांच्या सान्निध्यात वाचावी लागतील. कथा जमाखर्चाची जागा घेऊ शकत नाही. परंतु जमाखर्चात ‘छप्पर दुरुस्ती’ म्हणून नोंदलेल्या दिवसाची खरी किंमत कोणी मोजली, हे विचारण्याचा अधिकार ती वाचकाला देते.